गाभण कुत्रीची काळजी आणि विण्याची पूर्वतयारी

कुत्रीचा गर्भकाळ साधारणपणे ६३ दिवसांचा धरला जातो. हा हिशोब बीजांड सुटल्यापासूनचा आहे आणि तो दिवस मिलनाच्या दिवसाशी जुळेलच असे नाही, त्यामुळे मिलनाच्या तारखेपासून मोजल्यास ५८ ते ६८ दिवसांत केव्हाही पिल्ले होऊ शकतात. पहिल्या महिन्यानंतर सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात. पिल्लांच्या संख्येसाठी मात्र ५५व्या दिवसानंतरचा एक्स-रे अधिक भरवशाचा असतो. ही संख्या केवळ कुतूहलाची बाब नाही. चार पिल्ले देऊन कुत्री निवांत पडली, तर काम संपले की पाचवे पिल्लू अडले, हे त्याच आकड्यावरून कळते.

पहिले चार-पाच आठवडे आहार नेहमीइतकाच ठेवावा. त्यानंतर तो हळूहळू वाढवावा आणि वाढत्या गर्भाशयामुळे पोटाला जागा कमी उरत असल्याने, थोडा थोडा करून अनेकदा द्यावा. पिल्लांसाठी बनवलेले खाद्य या काळात उपयुक्त ठरते. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळू लागले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि पुढे दूध पाजताना रक्तातील कॅल्शियम अचानक घसरून आकडी येण्याचा धोका उलट वाढतो. प्रेमापोटी होणारी ही चूक फार सर्रास आढळते. जंतांच्या औषधासह कोणतेही औषध पशुवैद्यांना विचारूनच द्यावे.

विण्याची जागा किमान आठवडाभर आधी तयार करावी, म्हणजे ती कुत्रीच्या अंगवळणी पडते. शांत कोपऱ्यात, तिला हातपाय ताणून झोपता येईल एवढी आणि पिल्ले ओलांडू शकणार नाहीत अशा कडांची पेटी पुरते. जवळ स्वच्छ टॉवेल, निर्जंतुक दोरा, कात्री, वजनकाटा आणि थर्मामीटर ठेवावा. शेवटच्या आठवड्यात गुदद्वारातून दिवसातून दोनदा तापमान मोजावे. एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असणारे तापमान ३७.२ च्या खाली उतरले, तर बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. धाप लागणे, अंथरूण उकरणे आणि अन्न नाकारणे ही त्याआधीची लक्षणे होत.

प्रत्यक्ष विताना पाहणाऱ्याने शक्यतो हात आवरावा, कारण बहुतेक कुत्र्या पिल्लाभोवतीची पिशवी फाडून, नाळ तोडून पिल्लाला स्वतःच चाटून काढतात. तिने मिनिटभरात तसे न केल्यास पिशवी फाडून पिल्लाचे नाक-तोंड पुसावे व टॉवेलने अंग चोळावे. जोराच्या कळा २० ते ३० मिनिटे येऊनही पिल्लू बाहेर न येणे, आत पिल्ले शिल्लक असताना दोन तासांहून अधिक खंड पडणे, किंवा पहिल्या पिल्लापूर्वीच हिरवट-काळा स्राव दिसणे, यांपैकी काहीही घडल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, ही चौकशी त्यामुळे आधीच झालेली असावी.

नवजात पिल्लांना स्वतःचे अंग गरम राखता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात पेटीचा एक भाग सुमारे ३० अंशांवर ठेवावा आणि दुसरा थोडा थंड असू द्यावा. पहिल्या काही तासांत प्रत्येकाच्या पोटात चीक, म्हणजे आईचे पहिले दूध, गेला पाहिजे. त्यानंतर रोज वजन करावे. ते वाढत नसलेले पिल्लू शांत दिसले तरी आजारी समजावे. व्यालेली कुत्री थरथरू लागली किंवा तिचे पाय ताठरले, तर पिल्ले बाजूला करून तिला तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे.