एस्प्रेसो ग्राइंडरचे बर्स कधी आणि कसे बदलावेत

घरी एस्प्रेसो करणाऱ्या बहुतेकांवर बर्स (ग्राइंडरमधल्या बिया दळणाऱ्या दातेरी चकत्या) झिजले म्हणून बदलायची वेळ सहसा येतच नाही. हिशोब करून बघा. रोज १८ ग्रॅम कॉफीचे दोन शॉट, म्हणजे दोनदा एस्प्रेसो, धरले तर दिवसाला ३६ ग्रॅम, म्हणजे वर्षाला साधारण १३ किलो कॉफी. ६४ मिलिमीटरच्या चांगल्या पोलादी चपट्या बर्समधून काहीशे किलो कॉफी निघते. ३०० किलो धरले तरी घरच्या ग्राइंडरला वीसेक वर्षं सहज पुरतील. रोज चार किलो दळणाऱ्या कॅफेत तुमची वर्षभराची कॉफी सव्वातीन दिवसांत संपते, म्हणून बर्स बदलण्याचं वेळापत्रक त्यांना पाळावं लागतं, आपल्याला नाही.

घरच्या ग्राइंडरचे बर्स बदलण्याची खरी कारणं तीनच. बंद पडलेल्या कॅफेतून वापरलेला ग्राइंडर घेतला आणि त्यातून किती कॉफी गेली याचा पत्ता नाही, हे पहिलं. बियांसोबत आलेल्या खड्याने दात उडाले, हे दुसरं. तिसरं म्हणजे चव बदलायची आहे. हल्ली नवे बर्स मागवणारे बहुतेक जण या तिसऱ्या कारणासाठीच मागवतात आणि पैसेही इथेच वाया जातात. कारण अनेकदा दोष बर्समध्ये नसतो, ते वाकडे बसलेले असतात.

आधी झीज तपासा

झिजलेल्या बर्सची लक्षणं हळूहळू दिसू लागतात. पूर्वी ग्राइंडरच्या ज्या आकड्यावर २८ सेकंदांचा शॉट यायचा तिथे आता १८ सेकंदांत धार पांढरी पडते. दर काही आठवड्यांनी थोडं आणखी बारीक करावं लागतं. दळायला वेळ जास्त लागतो, कॉफी कोमट होऊन बाहेर पडते आणि चव एकाच वेळी आंबट आणि कडू लागते. पण हीच लक्षणं बिया शिळ्या असल्या, रोस्ट (बियांची भाजणी) बदलला किंवा बर्सवर तेलकट थर चढला तरी दिसतात. म्हणून आधी ग्राइंडर उघडून नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ करा आणि ताज्या बिया घालून आठवडाभर वापरून बघा.

तरीही शंका उरली तर बर हातात घेऊन बाहेरच्या काठाजवळच्या बारीक दातांवरून नख हलकेच आडवं ओढा. धारदार दात नखाचा बारीकसा भुगा काढतो, झिजलेल्यावरून नख नुसतं घसरतं. मग दिव्याखाली तिरका धरून बघा. दाताची कड चकाकणाऱ्या रेघेसारखी दिसत असेल तर ती गोल झाली आहे, कारण धारदार कडेवर प्रकाश टिकत नाही. मधले मोठे दात बी फोडण्याचं काम करतात आणि वर्षानुवर्षं धड राहतात, तेव्हा त्यांच्याकडे बघून निष्कर्ष काढू नका.

कोणते घ्यायचे

चपट्या बर्सचा ग्राइंडर म्हणजे पोलादाचं छोटं जातंच, फक्त इथे वरची चकती स्थिर राहते आणि खालची फिरते. जात्याला टाकी लावून घेता येते, बर्सला तशी सोय नाही. अख्खी जोडीच बदलायची, एक जुना एक नवा कधीच नाही.

मागवण्यापूर्वी चार गोष्टी जुळायला हव्यात: व्यास, जाडी, स्क्रूच्या भोकांची जागा आणि फिरण्याची दिशा. व्यासावरच लोक थांबतात. मॅझर सुपर जॉली हा ग्राइंडर ६४ मिलिमीटरचा आणि डीएफ६४ सुद्धा ६४ चाच, पण एवढ्यावरून एकाचे बर्स दुसऱ्यात बसतील असं धरून चालू नका. दिशा चुकली तर दात उलट्या बाजूने बी ढकलतात आणि दळण धड होत नाही. एकाच कंपनीच्या मॉडेलांतही फरक असतो. युरेका मिन्योन मॅन्युआलेत ५० मिलिमीटरचे बर्स आहेत, स्पेशालितात ५५ चे. विक्रेत्याला व्यास नका सांगू, ग्राइंडरचं पूर्ण नाव आणि जमल्यास आवृत्ती सांगा.

आता चवीचं. पारंपरिक एस्प्रेसो बर्स मुद्दाम थोडी पूड (अगदी पिठासारखे बारीक कण) जास्त पाडतात. त्या पुडीमुळे शॉट दाट होतो, क्रेमा (वरचा फेस) चांगला येतो आणि दुधात चव टिकते. दक्षिण कोरियाच्या एसएसपी कंपनीचे ‘मल्टिपर्पज’सारखे बर्स पूड कमी पाडतात, कण एकसारखे देतात. हलक्या रोस्टमधला फळांचा आंबटगोडपणा त्यात सुटा सुटा कळतो, पण शॉट पातळ लागतो. एस्प्रेसोला अशा दळणाची चटक लागली ती मालकोनिगच्या ईके४३ मुळे. ९८ मिलिमीटर बर्सचा तो दुकानी ग्राइंडर २०१३ च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत मॅट पर्जर यांनी एस्प्रेसोसाठी वापरला आणि दुसरे आले. त्यानंतर घरगुती ग्राइंडरमध्येही तशी चव हवी, असं लोकांना वाटू लागलं.

माझं स्पष्ट मत सांगतो. तुम्ही चिकमगळूरचा मध्यम-गडद रोस्ट आणून सकाळी कॅपुचिनो करून पिणारे असाल, तर एकसारखे कण देणारे महागडे बर्स घेऊ नका. कॅपुचिनो फिकाच लागेल आणि तुम्ही दोष मशीनला द्याल. डीएफ६४ मध्ये एसएसपीची जोडी टाकायची तर बर्सची किंमत ग्राइंडरच्या निम्म्याच्या आसपास जाते, वर आयात शुल्क वेगळं. हलका रोस्ट दूध न घालता पीत असाल तर मात्र तो खर्च सार्थकी लागतो. सोनेरी किंवा लाल लेप दिलेले बर्स जास्त टिकतात, हे खरं. पण सुरुवातीच्या हिशोबाकडे परत बघा: वीस वर्षं टिकणारी गोष्ट चाळीस वर्षं टिकली म्हणून आपल्याला काय फरक पडतो?

उघडताना

प्लग सॉकेटमधून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. जवळ ठेवा: स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की, नायलॉनचा ब्रश, टूथपिक, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड आणि स्क्रू ठेवायला वाटी.

डीएफ६४ किंवा मॅझरसारख्या ग्राइंडरमध्ये आधी हॉपर (वरचा बियांचा डबा) काढायचा, मग आकड्यांची कॉलर (दळण बारीक-भरड करायचं कडं) भरडच्या दिशेने फिरवत पूर्ण सोडवायची. वरचा बर बसलेला कॅरिअर उचलला की खाली तीन स्प्रिंगा दिसतील. त्यांतली एखादी कॅरिअरला चिकटून वर येते आणि तिथून थेट टेबलाखाली जाते, म्हणून हळू उचला आणि प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढा. मिन्योनमध्ये आकडा बदलला की खालचा बर सरकतो, वरचा जागीच राहतो, त्यामुळे तिथली खोलण्याची पद्धत थोडी वेगळी आहे.

बर प्रत्येकी तीन स्क्रूंनी बसवलेले असतात. त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षांची कॉफी दगडासारखी बसलेली असते. टूथपिकने ती कोरून काढल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावू नका, नाहीतर डोकं घासून गुळगुळीत होतं आणि मग ड्रिलिंगशिवाय गत्यंतर नाही. स्क्रू हलत नसेल तर डोक्यावर अल्कोहोलचे दोन थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, मग स्क्रूड्रायव्हर सरळ खाली दाबून फिरवा. खालचा कॅरिअर हाताखाली फिरत राहतो. त्याला कापडाने धरा किंवा लाकडी चॉपस्टिक अडकवा, लोखंडी काहीही अडकवू नका. खालचा कॅरिअर शाफ्टवरून उतरवायची साधारणपणे गरज पडत नाही.

स्वच्छता आणि बसवणं

सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथे द्या. कॅरिअरची जी सपाट जागा बरला पाठीकडून टेकते, ती अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा आणि मग बोटाचं टोक फिरवून बघा. एस्प्रेसोच्या दळणातला एक कण दोन-तीनशे मायक्रॉनचा, त्यातली पूड शंभर मायक्रॉनच्याही खाली. असा एक कण बरच्या पाठीखाली राहिला की बर तिरका बसतो, आणि मग एका बाजूला भरड, दुसऱ्या बाजूला पीठ असं दळण पडतं. नवे बर्सही पाठीकडून पुसून घ्या, त्यांच्यावर कारखान्यातलं तेल असतं. पाण्याने मात्र धुऊ नका. पोलादी बर्सना पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या हवेत एका रात्रीत तांबूस डाग येतात.

काही जोड्यांत वरचा-खालचा बर सारखाच असतो, काहींत वेगळा. खूण बघून बसवा. तिन्ही स्क्रू आधी हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पाळीपाळीने पाव-पाव वेढा आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर बर त्याच बाजूला कलतो. शेवटचा आवळ मनगटाचा असू द्या, खांद्याचा नको.

कॉलर परत लावणं हा सर्वांत धोक्याचा क्षण. तिचे आटे फार बारीक असतात. आधी आट्यांतली कॉफी ब्रशने काढा, स्प्रिंगा जागेवर असल्याची खात्री करा, मग कॉलर टेकवून आधी उलटी फिरवा. आटे जुळले की हाताला बारीकशी ‘टक्’ जाणवते. तिथून सुलटी फिरवा. पहिले दोन वेढे दोन बोटांनी सहज फिरले पाहिजेत. जोर लागला तर थांबा, काढा आणि परत सुरू करा. वाकडे चढलेले आटे म्हणजे नवी बॉडीच.

शाईची परीक्षा

दोन्ही बर्सच्या बाहेरच्या सपाट कडेवर व्हाइटबोर्ड मार्करने शाई लावा. ग्राइंडर पूर्ण जोडून प्लग लावा, रिकामा चालू करा आणि कॉलर हळूहळू बारीककडे न्या. एकमेकांना घासल्याचा ‘चिर्र’ आवाज आला की लगेच बंद. प्लग काढून उघडा.

सगळीकडची शाई सारखी पुसली गेली असेल तर दोन्ही सरळ बसले आहेत. खालच्या बरची शाई एकाच भागात गेली आणि वरच्याची गोलभर गेली, तर खालचा बर तिरका आहे, कारण त्याचा उंच भाग फिरताना वरच्याला सगळीकडे घासतो. वरच्याची एकाच जागी आणि खालच्याची गोलभर गेली, तर दोष वरच्याचा. जिथे शाई शाबूत राहिली ती बाजू खोल बसलेली. तो बर काढून त्या बाजूला, स्क्रूच्या भोकाशेजारी, पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा ठेवा. ही फॉइल दहा-वीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि आपल्याला हवा तो फरक याच मापाचा असतो. परत बसवा, परत शाई. हे काम कंटाळवाणं आहे. पण ते मूळ बर्सवर, एकही पैसा न खर्चता करता येतं. माझं ऐकाल तर नवे मागवण्याआधी एकदा जुन्यांवरच करून बघा, कित्येकांची खरेदी तिथेच रद्द होते.

पहिले काही किलो

‘चिर्र’ आवाज जिथे सुरू झाला तो तुमचा नवा शून्य. कॉलरवर तिथे खूण करा. जुने आकडे आता विसरायचे, कारण बरची जाडी किंचित जरी बदलली तरी सगळं सरकतं. कॉफी नेहमी शून्यापासून भरडच्या बाजूला दळायची. शून्याच्या जवळ असताना बर्समध्ये बिया अडकल्या असतील तर मोटर चालू नसताना कॉलर आणखी बारीककडे फिरवू नका.

कोऱ्या बर्सची धार सुरुवातीला फार कडक असते आणि दळण दर शॉटला थोडं वेगळं पडतं. पहिले दोन-तीन किलो, काही बर्सना त्याहून जास्त, सरावात जातात. त्यासाठी ओळखीच्या रोस्टरकडे शिळ्या किंवा रोस्ट बिघडलेल्या बिया मागा, ते स्वस्तात देतात. कच्चे तांदूळ घालू नका. बऱ्याच कंपन्या त्याला स्पष्ट नाही म्हणतात, कारण तांदूळ कॉफीपेक्षा कडक असतो आणि मोटरवर ताण येतो. एका दमात सगळं दळू नका. दोनशे ग्रॅम झाले की हात लावून बघा, बॉडी गरम लागली तर थांबा.

मग १८ ग्रॅम कॉफी आत, ३६ ग्रॅम एस्प्रेसो बाहेर, २५ ते ३० सेकंद या ठरलेल्या मापावर या. एका वेळी फक्त दळण बदला, डोस नको. पहिले दोन आठवडे दर काही दिवसांनी किंचित बारीककडे सरकावं लागेल, ते साहजिक आहे. एसएसपीसारखे बर्स घेतले असतील तर एकदा १ ला अडीच किंवा तीनचं प्रमाण करून बघा. त्यांना जास्त पाणी मानवतं.

जुनी जोडी टाकू नका. पुसून, प्रत्येक बर वेगळ्या कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर ग्राइंडरचं नाव लिहा. ग्राइंडर पुढे विकायला काढलात तर घेणारा मूळ बर्स आधी विचारतो.