पावसाळा काढेल अशी सेन्सरची वायरिंग

परसात तापमानाचा किंवा मातीच्या ओलाव्याचा सेन्सर लावताना सगळे पैसे वॉटरप्रूफ डब्यावर घालू नका. कोकणातल्या पावसातही डबा सहसा तग धरतो. दगा देतात ते वायरींचे जोड.

आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत येऊ न देणारा) डबा पुरे. केबल ग्लँड, म्हणजे केबल आत घेऊन भोवती रबर आवळणारं बूच, खालच्या बाजूलाच बसवा. पीजी७ मापाच्या ग्लँडमध्ये साधारण ३ ते ६.५ मिमी जाडीची गोल केबल बसते. त्यातून तीन सुट्या वायरी ओढू नका, मधली फट रबराने बुजत नाही. अ‍ॅडॉप्टर घरात ठेवा, बाहेर फक्त ५ व्होल्ट न्या.

आता जोड. ‘टेप गुंडाळा, काही होत नाही’ म्हणणाऱ्याने ऑगस्टमध्ये तीच टेप सोडवून बघावी: डिंक ओघळलेला, आत पाणी आणि तांब्यावर हिरवट पूड. साधी हीटश्रिंक (तापवली की आकसणारी नळी) हीही नको, ती वायर आवळते पण चिकटत नाही. आतून डिंक असलेली ‘डबल वॉल’ मागा. दुकानदार ‘एकच असतं हो’ म्हणेल, ऐकू नका.

जोड शेजारी शेजारी न ठेवता पुढेमागे करून सोल्डर करा. सोल्डर तारांच्या आतपर्यंत मुरू द्या, नाहीतर इन्सुलेशनला कुठे चीर पडली तरी पाणी बारीक तारांमधून वातीतल्या तेलासारखं सरकत डब्यात पोचतं. सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रत्येक जोडावर बारीक नळी आणि सगळ्यांवर एक मोठी, केबलच्या बाहेरच्या आवरणावर दोन्हीकडे निदान २ सेमी चढेल अशी. लायटर नको, हॉट एअर गन मधून कडांकडे फिरवा. दोन्ही टोकांना डिंकाचं कडं बाहेर आलं तरच काम झालं. आलं नाही तर आणखी तापवा, तरीही नाही तर कापून नवी नळी.

सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तांबं खातं.

ग्लँडपाशी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी डब्याकडे न जाता तिथेच ठिबकेल. केबल टाय काळेच वापरा, पांढरे उन्हात तडकतात.

बोर्डाला जोडण्याआधी जोड रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवा. केबलचं टोक मात्र कोरडं राहू द्या. सकाळी मल्टिमीटर सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर ठेवून एक प्रोब पाण्यात, दुसरा एकेका वायरीच्या कोरड्या टोकाला लावा. पडद्यावर ‘OL’ (किंवा काही मीटरवर डावीकडे नुसता ‘1’) सोडून दुसरा आकडा आला, तर जोड कापा.