वेबपान तयार करताना: मजकुराचा साचा की नोडचे झाड?

प्रोग्रामकडून वेबपान तयार करून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत टॅगांसह, म्हणजे ब्राउझरला रचना सांगणाऱ्या खुणांसह, सगळा मजकूर आधीच लिहून ठेवतात आणि मध्ये सोडलेल्या जागांत माहिती भरतात. पीएचपी, जिंजा किंवा मस्टॅश ही साधने वापरणाऱ्यांना हे टेम्प्लेट, म्हणजे साचा, परिचयाचे आहे. दुसरीत शीर्षके, परिच्छेद आणि दुवे यांचे नोड, म्हणजे सुटे घटक, एकमेकांत बसवून झाड उभे करतात व अगदी शेवटी त्याचे एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या भाषेतला मजकूर, करून घेतात. निवड करताना पानाची रचना आधी ठाऊक आहे की माहिती हाती आल्यावरच ठरणार आहे, हे प्रथम पाहावे.

रचना ठरलेली असेल, तर टेम्प्लेट घ्यावे; ते वाचायला सोपे असते आणि प्रोग्रामिंग न येणारा डिझायनरही त्यात बदल करू शकतो. मात्र टेम्प्लेटच्या लेखी टॅग आणि मजकूर यांत काहीच फरक नसतो. कोणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्टचा (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामचा) टॅग लिहिला आणि तो जसाच्या तसा छापला गेला, तर ती स्क्रिप्ट पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालते. म्हणून <, >, & आणि दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हे अशी ५ चिन्हे एस्केप झालीच पाहिजेत, म्हणजे ब्राउझर त्यांना टॅगचा भाग न समजता नुसती अक्षरे समजेल अशा सांकेतिक रूपात छापली गेली पाहिजेत. जँगो हे पायथन भाषेतले वेब-साधन २००८ च्या १.० आवृत्तीपासून हे आपणहून करते. नुसते जिंजा वापरत असाल, तर ती सोय तुम्हालाच सुरू करावी लागते, तेव्हा कामाचा आरंभ तिथूनच करावा. ॲट्रिब्यूटचे (टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्माचे) मूल्यही नेहमी अवतरणचिन्हांत लिहावे, कारण ती नसतील तर मूल्यातली साधी मोकळी जागा नवे ॲट्रिब्यूट सुरू करते आणि एस्केप करूनही उपयोग होत नाही.

झाडाचे खरे बळ अनुक्रमणिका करताना दिसते. ती पानाच्या वर हवी असते, पण तिच्यातली शीर्षके खाली विखुरलेली असतात, आणि टेम्प्लेट वरून खाली छापत जात असल्यामुळे ती माहिती आधी वेगळी गोळा करावी लागते. झाडात आधी सगळा लेख उभा करावा, मग त्यातून फिरून प्रत्येक शीर्षकाला आयडी द्यावा, त्यांची यादी बांधावी आणि ती पहिल्या परिच्छेदाच्या आधी खोचावी. मजकुराच्या नोडमधली चिन्हे छपाईच्या, म्हणजे झाडाचे एचटीएमएल करण्याच्या, वेळी आपोआप एस्केप होतात. दुव्याचा पत्ता मात्र एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतो ना, हे झाडातही स्वतः तपासावे लागते, कारण 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणाऱ्या, दुवा दाबताच स्क्रिप्ट चालवणाऱ्या पत्त्यात एस्केप करण्याजोगे काही नसते.

छपाईची पद्धत एचटीएमएलचीच निवडावी. पायथनच्या एलिमेंटट्री या झाड उभारण्याच्या साधनात काही सांगितले नाही, तर छपाई एक्सएमएल या दुसऱ्या टॅगांच्या भाषेची होते आणि रिकामा स्क्रिप्ट टॅग तिरप्या रेघेने मिटवला जातो. ब्राउझर ती रेघ मानत नाही. तो पुढचे सगळे पान स्क्रिप्ट समजून गिळतो आणि पडदा कोरा राहतो. हा दोष शोधण्यात तासन्‌तास जाऊ शकतात.

माझ्या मते बहुतेक कामांत दोन्हींचा मेळ उत्तम: बाहेरची चौकट टेम्प्लेटची आणि आतला लेख झाडाचा. तयार एचटीएमएल चौकटीत बसवताना त्या एकाच जागी, हे पुन्हा एस्केप करू नको असे टेम्प्लेटला सांगणारा सेफ फिल्टर लावावा. तो विसरलात, तर पानावर टॅगच अक्षरांसारखे दिसू लागतात, आणि तेवढ्यावरून मजकूर दोनदा एस्केप झाल्याचे लगेच कळते.