राईड अडली? आधी गाड्या मोजा

रोलर कोस्टर मध्येच थांबली की कंट्रोल केबिनमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "सेन्सर गंडलाय." बऱ्याचदा तसं असतंही, म्हणून तर सवय लागते.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानातल्या 'द स्मायलर' रोलर कोस्टरवर २ जून २०१५ रोजी चाचणीची रिकामी गाडी वाटेत अडकली. पुढचा टप्पा मोकळा नाही हे ओळखून यंत्रणेनं मागची सोळा प्रवाशांची गाडी रोखून धरली. यंत्रणा बरोबर होती! पण त्या दिवशी रुळावर पाचवी गाडी चढवल्याचं दुरुस्तीवाल्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या हिशोबात सगळ्या गाड्या जागेवर होत्या, म्हणून त्यांनी तो थांबा हातानं उठवला. धडकेत दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढे उद्यान चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला.

तेव्हा ओव्हरराइडची, म्हणजे यंत्रणेचा थांबा हातानं उठवायची, किल्ली फिरवण्याआधी गाड्या मोजा, त्याही डोळ्यांनी. रुळावर किती, शेडमध्ये किती, बेरीज जुळते का? मोजणारा एक आणि किल्लीवाला दुसरा असावा. मधूनच गाडी वाढवली तर फळ्यावर आकडा बदलेपर्यंत राईड सुरू करू नका. तोंडी निरोप चहाच्या सुट्टीत हरवतात.

दुसरी चूक 'रीसेट मारून बघू' ही. ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्ड उद्यानात २५ ऑक्टोबर २०१६ रोजी थंडर रिव्हर रॅपिड्स या तराफ्यांच्या पाण्यातल्या राईडचा पंप आधीच बंद पडला होता, तरी राईड पुन्हा चालू केली गेली. पंप परत बंद पडला, पाणी उतरलं, एक तराफा अडकला, मागून दुसरा येऊन आदळला आणि चौघांचा जीव गेला. पाण्याची पातळी आपोआप ओळखणारी सोय तिथे नव्हती. एकच बिघाड दिवसात दुसऱ्यांदा आला की रीसेट नको, राईड बंद. तो निर्णय वरिष्ठानंच घ्यायचा, रांगेतल्या लोकांची ओरड ऐकणाऱ्या पोरावर सोडायचा नाही.

माणसांच्या बाबतीतही तिथेच घोळ होता. उतरण्याच्या जागी उभ्या कर्मचारी मुलीचा तो पहिलाच दिवस होता, आणि तराफे ओढून नेणारा पट्टा झटकन थांबवणारं बटण तिच्या जवळच होतं. त्याचा उपयोग तिला नीट कोणी सांगितलाच नव्हता. आपल्याकडे मे महिन्याच्या गर्दीत हंगामी पोरं अशीच घाईघाईनं उभी केली जातात. गेट उघडण्याआधी नव्या पोराला ते बटण स्वतःच्या हातानं दाबायला लावा. पट्टा किती सेकंदांत थांबला, तेही त्यालाच मोजू द्या.