खलनायकाच्या कोठारात धान्य कोणाचे? रोल-प्लेइंग खेळात नैतिक पेच रचण्याविषयी

टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका करत खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात खलनायक निव्वळ दुष्ट नसावा असे ठरले, की बहुतेक गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारे, त्याला एखादा दुःखद भूतकाळ देतात. त्याचे आईवडील दरोड्यात मारले गेलेले असतात, किंवा गावाने त्याला वाळीत टाकलेले असते. टेबलावर मात्र या भूतकाळाचा फारसा उपयोग होत नाही, कारण तो खेळाडूंकडून काहीच मागत नाही. ते ऐकतात, क्षणभर हळहळतात आणि वीस बाजूंचा फासा उचलून हल्ला करतात. खरा पेच उभा राहतो तो वर्तमानात. हा माणूस उद्या मेला, तर परवा कोणाच्या घरी चूल पेटणार नाही? या प्रश्नाचे नेमके उत्तर गेम मास्टरकडे असेल, तर भूतकाळ एका ओळीत आटोपला तरी चालतो.

सोलापूरकडच्या गेम मास्टरला याचा नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाची कोठारे भुकेलेल्यांसाठी उघडली, बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन धान्याची किंमत भरली. आता असाच प्रसंग एखाद्या कल्पित राज्यात ठेवा आणि पंतांना धरायला निघालेल्या शिपायांच्या नायकाकडून तो पाहा. त्याच्या दृष्टीने एका अधिकाऱ्याने विश्वासाने सोपवलेले धान्य परस्पर वाटले आहे. ते सरहद्दीवरच्या ठाण्यासाठी राखलेले होते आणि त्या ठाण्यात त्याचा सख्खा भाऊ उपाशी बसला आहे, एवढी भर आपण खेळापुरती घालू. खेळाडू या नायकाला अडवतील आणि ते योग्यच असेल, पण त्या भावाला काय सांगायचे हे त्यांना ठरवावे लागेल.

म्हणून खलनायकाचे नाव, वेष किंवा मंत्रसामर्थ्य ठरवण्याआधी त्याचे कोठार ठरवावे. कोठारात धान्यच असावे असे नाही. पाणी, औषध, घाटरस्त्याची राखण, एखाद्या पिशाच्चाला बांधून ठेवणारा मंत्र, यांपैकी काहीही चालेल. ते कोणाकडून घेतले आणि कोणाला पुरते, हे दोन्ही बाजूंच्या निदान एकेका माणसाच्या नावासह लिहून ठेवावे. ‘गावकऱ्यांचे हाल होतील’ असे मोघम वाक्य टेबलावर कोणालाच टोचत नाही.

पात्राचा नैतिक कल सांगणाऱ्या अलाइनमेंटच्या चौकटीविषयी थोडे सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग खेळ 1974 मध्ये आला तेव्हा तीत नियम, तटस्थता आणि अराजक अशा तीनच बाजू होत्या. चांगले-वाईट हा दुसरा अक्ष जोडून नऊ घरांची चौकट नंतर रूढ झाली. जुन्या नियमांत पॅलाडिनने, म्हणजे धर्मनिष्ठ योद्ध्याने, जाणूनबुजून दुष्कृत्य केले, की त्याची शक्ती जात असे, त्यामुळे दुष्कृत्य कशाला म्हणायचे याचा निवाडा गेम मास्टरच्या गळ्यात पडे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिन त्याने घेतलेल्या शपथेला बांधलेला असतो, आणि आपल्या कामासाठी ही रचना कितीतरी सोयीची आहे. शपथ पाळताना कोणाचे नुकसान झाले, हे टेबलावर दाखवता येते. म्हणून माझा आग्रह असा, की कॅरेक्टर शीटवरचे, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरचे, अलाइनमेंट हा त्या पात्राचा स्वतःविषयीचा दावा समजावा आणि तो खरा की खोटा, हे खेळातल्या घटनांवर सोडावे.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. कोरडवाहू मुलखात नागव्वा नावाच्या देसाईणीने नदीवर मोठा बांध घातला आहे. बांधाच्या वर तीन गावे बुडाली. खालच्या गावांना मात्र दुष्काळातही पाणी मिळते. बांध टिकतो तो त्यात वस्तीला असलेल्या बांधाई या देवीमुळे, आणि देवीचे मागणे ठरलेले आहे: दरवर्षी एका माणसाने आपल्या घरच्यांची आठवण तिला द्यायची. नाव चिठ्ठी टाकून काढतात. कोणी मरत नाही, कोणाला मारझोड होत नाही, सगळे उघड्यावर चालते. ज्या सोलापुरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते, तिथल्या खेळाडूंना नागव्वाची बाजू समजावून सांगावी लागणार नाही.

पहिल्या सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीत, हे सगळे निवेदनातून सांगू नये, दाखवावे. पाटाच्या दारापाशी एक माणूस बसलेला असतो. दुपारी एक बाई येते आणि फडक्यात बांधलेली भाकरी त्याच्यापुढे ठेवते. तो हात जोडून म्हणतो, “ताई, रोज कशाला एवढी तसदी घेता?” ती काही न बोलता पाण्याचा तांब्या भरायला पाटाकडे वळते. ती त्याची बायको आहे, हे खेळाडूंना लगेच सांगू नका. कोणीतरी विचारेपर्यंत थांबा. टेबलावर कोणीतरी हमखास विचारतेच, आणि उत्तर त्यांनी स्वतः मिळवलेले असल्यामुळे ते त्यांच्या मनात राहते.

नागव्वाशी गाठ पडेल तेव्हा एक पथ्य कसोशीने पाळावे: मुख्य मुद्द्यावर तिने खोटे बोलू नये. ती खोटे बोलली, की खेळाडूंना सुटकेची वाट मिळते आणि पेच तिथेच संपतो. पण तिला निर्दोष ठेवणेही तितकेच घातक आहे, कारण मग ती केवळ दुर्दैवी राज्यकर्ती उरते आणि खेळाडूंचा राग कुठेच टेकत नाही. तिच्या हिशेबात एक खरी खोट ठेवावी. चिठ्ठ्यांच्या मडक्यात तिच्या वाड्यातले नाव कधीच पडत नाही. हे ती आपणहून सांगणार नाही, विचारले तर शांतपणे म्हणेल, “बांधाच्या किल्ल्या सांभाळणारीच सगळं विसरली, तर गावाचं काय होईल?” या उत्तरात तथ्य आहे आणि स्वार्थही आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात आल्यामुळे खेळाडूंना ते वेगळे करून फेकता येत नाहीत. इथे मन वळवण्याचा फासा टाकून वाद मिटवू देऊ नये. फाशाने फार तर ती किती बोलते, हे ठरावे. ती बरोबर की चूक, हे फाशाने कधीच ठरवू नये.

देवांची रचना याहून वेगळी असते. खलनायकाला गरज असते. देवाला गरज नसते, त्याला शब्द असतो. वामनाने बळीराजाकडे तीन पावले जमीन मागितली आणि दानशूर राजाला पाताळात घातले; तरीही बलिप्रतिपदेला आपल्याकडे “इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो” म्हणतात, आणि तीच माणसे पंढरीच्या वारीलाही जातात. दोन्ही श्रद्धा एका घरात नांदतात आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मरीआईचेही तसेच: रोगराई तिच्या कोपाने येते असे मानतात आणि ती टळावी म्हणून गाऱ्हाणेही तिलाच घालतात. खेळातल्या देवाविषयी खेळाडूंची अशी दुहेरी भावना झाली, तर देव जमला असे मी समजतो.

परदेशी खेळांनीही हे जाणले आहे. 1984 मध्ये सुरू झालेल्या ड्रॅगनलान्सच्या जगात एका उन्मत्त धर्मगुरूला शासन करण्यासाठी देव अख्ख्या नगरीवर अग्निपर्वत टाकतात, आणि त्यांत चांगले म्हणवणारे देवही असतात. 2004 मधल्या एबेरॉन या खेळातल्या जगात देव आहेत की नाहीत, हेच निश्चित नाही. पुजारी वाईट वागला तरी त्याचे मंत्र चालतात. या दुसऱ्या युक्तीचा मी मनापासून पुरस्कर्ता आहे. आपल्या गटातल्या क्लेरिकच्या (देवाकडून शक्ती मिळणाऱ्या पुजारी पात्राच्या) आणि त्याला न आवडणाऱ्या पुजाऱ्याच्या प्रार्थनेला एकाच देवाने सारखाच प्रतिसाद दिला, की क्लेरिक खेळणारा खेळाडू स्वतःच प्रश्न विचारू लागतो.

म्हणून प्रत्येक देवासाठी त्याने दिलेला शब्द लिहावा आणि त्या शब्दाची किंमत कोण मोजतो, हेही लिहावे. बांधाईचा शब्द असा: “मला आठवण मिळेल तोवर मी पाणी धरीन.” क्लेरिकने तिला कौल लावला, तर तिने खरे उत्तर द्यावे, पण या शब्दापलीकडे जाऊ नये. “हे अन्यायाचे नाही का?” या प्रश्नावर ती म्हणेल, “मी पाणी धरले आहे.” तिला दुष्ट हसू देऊ नका आणि रडवूही नका.

एक काळजी आवर्जून घ्यावी. सोलापुरात एका टेबलाभोवती मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले सहज जमतात, आणि कोणाच्या घरी कोणत्या देवाचे काय स्थान आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच असे नाही. पुजले जाणारे देव खेळात आणू नयेत. त्यांच्या कथांमधला पेच उचलावा आणि देव नवा घडवावा. खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत कोणते विषय टाळायचे हे प्रत्येकाला विचारावे, आणि त्यावर चर्चा न करता ते मान्य करावेत.

खेळाडूंनी निर्णय घेतला, की गेम मास्टरचे सर्वांत कठीण काम सुरू होते, ते म्हणजे निवाडा न देणे. बांध फोडला म्हणून शाबासकी नको आणि टोमणाही नको. दोन-तीन सेशनच्या आत परिणाम मात्र दिसलेच पाहिजेत. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, तशी ती तीन गावे चिखलातून वर येतील. त्यांचे वारस आपापल्या भिंती ओळखत फिरतील, आणि त्याच आठवड्यात खालच्या गावातला एक शेतकरी बैलजोडी विकायला बाजारात उभा असेल. दोन्ही दृश्ये सारख्याच आस्थेने वर्णन करावीत, कारण गेम मास्टरचा आवाज एका ठिकाणी मऊ झाला, की खेळाडू त्यावरून ‘बरोबर उत्तर’ ओळखतात.

खेळाडू तिसरी वाट काढतील, हे गृहीत धरा. एखादी खेळाडू म्हणेल, माझ्या पात्राच्या आठवणी घ्या. तिला अडवू नये, तिच्या शीटवर लिहिलेल्या नातेवाइकांची नावे तिने स्वतःच्या हाताने खोडावीत आणि पुढच्या भेटीत तिच्या पात्राच्या आईने दारात उभे राहून “कोण पाहिजे?” असे विचारण्याऐवजी तिला नावाने हाक मारावी. उत्तर काय द्यायचे, ते त्या खेळाडूवर सोडावे.

असे पेच प्रत्येक सेशनला घालू नयेत. एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग कथेत, एक नागव्वा आणि एक बांधाई पुरते. मधल्या वाटेवर साधे लुटारू, भुकेली श्वापदे आणि सरळ लढाया भरपूर ठेवाव्यात. तीन सेशन निर्धास्तपणे लढलेले खेळाडू चौथ्या सेशनला जास्त मोकळ्या मनाने वाद घालतात.