काळी अक्षरे चार रंगांत फुटली तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या दिवाळी अंकाचे प्रूफ हाती आले, तेव्हा मजकुरातील वेलांट्यांना आणि मात्रांना निळसर-गुलाबी कड दिसत होती. पडद्यावर मात्र तीच अक्षरे स्वच्छ काळी होती. मी आधी छापखान्याला दोष दिला, तो चुकीचा होता.

अ‍ॅक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये (पीडीएफमधील प्रत्येक शाई वेगळी तपासण्याची सोय) काळ्या शाईची खूण काढून पाहिली, तर सगळा मजकूर नाहीसा होण्याऐवजी मळकट तपकिरी रंगात तसाच उरला. लेखकांच्या वर्ड फाइलींबरोबर इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ड_आर०_जी०_बी०’ नावाचा आरजीबी (पडद्यासाठीच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीचा) काळा रंग शिरला होता आणि पीडीएफ करताना त्याचे छपाईच्या चार शाईंत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) रूपांतर झाले होते; त्या नेमक्या एकावर एक न बसल्याने रंगीत कड दिसत होती. तो स्वॉच (रंगांच्या यादीतील नोंद) काढून टाकताना त्याच्या जागी मूळ ‘ब्लॅक’ निवडला, की सर्व पानांवरचा मजकूर एका झटक्यात एकाच शाईत येतो. शिवाय हा काळा रंग खालच्या रंगावर ओव्हरप्रिंट होत, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापला जात असल्याने छपाईची प्लेट किंचित सरकली तरी पांढरी फट दिसत नाही.

मग पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार निवडून, ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेला भाग) आवर्जून चालू करून (ते विसरण्यात माझा हातखंडा आहे) फाइल पुन्हा काढली. या वेळी काळी खूण काढताच पानावर फक्त चित्रे उरली.