ग्राफिक्स कार्ड घ्यायला राजारामपुरीत जाण्याआधी

भाच्याचा फोन आला तेव्हा तो कोल्हापुरात, राजारामपुरीत दुकानाच्या पायरीवरच उभा होता. "मामा, दोन कार्डं पसंत पडल्यात, कंचं घेऊ?" मी विचारलं, मॉनिटर कितीचा आहे? बघाय लागंल. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा? ते पण बघाय लागंल. म्हटलं, गप घरला ये. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग, घरी बसून निवडायचं असतं, दुकानातून ते फक्त आणायचं असतं. त्या रविवारी आम्ही वहीच्या पाठच्या पानावर जे उतरवलं ते इथं देतोय. किमती मुद्दाम लिहीत नाही, सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही.

पहिल्यांदा मॉनिटर. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण पावणेएकवीस लाख ठिपके. १४४० पीला तेच सदतीस लाखांच्या घरात जातात आणि फोर-केला जवळजवळ त्र्याऐंशी लाख. एवढे ठिपके कार्डाला सेकंदाला साठ-साठ वेळा रंगवायचे असतात. तेव्हा मॉनिटरचा आकडा आणि शेजारी त्याचा हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, लिहा. पुढच्या दोन वर्षांत मोठा मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर तोही आजच लिहा.

मग आठवडाभर संगणकावर खरोखर काय चालतं ते लिहा. भाच्यानं आधी नुसतं "गेम" लिहिलं. खोदून विचारल्यावर निघालं, कॉलेजच्या प्रोजेक्टला ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर, आणि लग्नसराईत मित्राच्या स्टुडिओचं व्हिडिओ एडिटिंग. अष्टपैलू कार्ड लागतं ते अशांनाच. माझं स्वतःचं काम उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत ओतकामाचे पॅटर्न बनवणाऱ्यांची ड्रॉइंगं करून देण्याचं. साध्या टू-डी ऑटोकॅडला भारी कार्ड घालून काही फरक पडत नाही, तिथं प्रोसेसरच राबतो. ब्लेंडरमध्ये सायकल्सवर पक्कं चित्र काढायला, म्हणजे रेंडरला, मात्र एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड पुढं आहे, त्याला ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्याच सॉफ्टवेअरचा फायदा मिळतो. नुसते गेम असतील तर एएमडीचं कार्ड तेवढ्याच पैशांत बहुतेक वेळा बरोबरीचं किंवा सरस पडतं.

आता मेमरी. इथं घाई करू नका. कार्डावरची आठ जीबी भरली की उरलेला माल मदरबोर्डवरच्या रॅममध्ये जातो, आणि तिथून आणायचा रस्ता अरुंद. स्क्रीनवर सेकंदाला सरासरी किती फ्रेम, म्हणजे चित्रं, निघतात तो आकडा बरा दिसतो, पण वळणावर चित्र अडखळतं. म्हणून चाचण्यांचे व्हिडिओ बघताना सरासरीवर जाऊ नका, 'वन पर्सेंट लो' नावाचा आकडा बघा. कार्ड अडचणीत आल्यावर कुठवर घसरतं ते तो सांगतो. शिवाय एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६०, ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ७६०० ही कार्डं मदरबोर्डकडं जायच्या सोळा लेनऐवजी आठच लेनवर चालतात. मदरबोर्डवरचा कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० पिढीचा असेल तर आधीच अरुंद रस्ता निम्मा होतो, आणि आठ जीबीच्या कार्डाला ते जास्त जाणवतं. आरएक्स ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत, जुन्या बोर्डवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एकाच नावात दोन मालही असतात. ५०६० टीआय आठ जीबीचंही आहे आणि सोळाचंही, ९०६० एक्सटीचं तसंच. आरटीएक्स ३०५० तर सहा आणि आठ जीबीत येतं, पण तिथं फरक नुसत्या मेमरीचा नाही, सहावाल्यात कोअरही कमी आहेत. दुकानात "५०६० टीआय द्या" म्हणालात तर कुठलं हातात येईल याचा नेम नाही. वहीत पुढं जीबीही लिहा.

त्यानंतर एसएमपीएस. आम्ही कॅबिनेटचं झाकण काढलं, टॉर्च मारली. स्टिकरवर ठसठशीत ४५०. खाली बारीक अक्षरात रकाने, आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १६ ॲम्पिअर. सोळा गुणिले बारा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते याच ताटातून, आणि ५०६० टीआय एकटंच १८० वॅटपर्यंत खातं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता तो. दुकानदारानं ४५० सांगितलं ते स्टिकरप्रमाणे खोटंही म्हणता येत नव्हतं. तर मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टचा गुणाकार करा. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या एका वायरीतून १५०, म्हणून पिनाही मोजा. एसएमपीएस बदलायची तयारीच नसेल तर ११५ वॅटमध्ये भागवणारं ४०६० किंवा त्याहून लहान कार्ड बघा, पण त्या भाच्याच्या डब्यावर मी तेही लावलं नसतं. चांगल्या कंपनीचा साडेसहाशे वॅटचा घेतला, कार्डाच्या आधी.

जाता जाता लाईटचंही बघा. पावसाळ्यात आमच्याकडं ती दिवसातून चारदा डोळा मारते. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. यूपीएस असेल तर तो एवढा भार पेलतो का बघा. गेम चालू असताना लाईट गेली आणि यूपीएसही बसला तर त्याचा उपयोग काय?

टेप घेऊन कॅबिनेटची लांबी आतून मोजा, मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत. हे मी शहाणपणानं सांगत नाही, अनुभवानं सांगतोय. माझ्या मागच्या कार्डाला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा आला, बोटभर जागा कमी पडली. शेवटी उद्यमनगरात एका ओळखीच्या शेडवर कॅबिनेट नेलं आणि हॅकसॉनं पिंजरा कापला. लोखंडाचा कीस आत राहू नये म्हणून तिथल्या पोरानं कॉम्प्रेसरची हवा मारली, त्यात पुढच्या पंख्याचं पातं गेलं.

प्रोसेसरला नवं कार्ड झेपेल का, हे आहे त्या कार्डावरच कळतं. गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जागच्या जागी राहिल्या तर अडलंय प्रोसेसरपाशी, कार्डाचे पैसे राखून ठेवा. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबीत चांगलं कार्ड आहे, पण बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार नावाची सोय चालू होत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

जुनं कार्ड घेणार असाल तर सप्टेंबर २०२२ आठवा. तेव्हा इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. समोर जोडून दाखवा म्हणा, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये नाव आणि मेमरी जुळते का बघा, पंधरा मिनिटं फरमार्क ही कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी चालवा. जीटीएक्स १०६० वगैरे स्वस्तात मिळतील, पण त्या पिढीला गेमसाठी नवे ड्रायव्हर यायचे ते ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले.

दुकानात जाताना वहीचं पान बरोबर न्या. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथंच जुळवा. वॉरंटीत कार्ड कुठं द्यायचं, कोल्हापुरात की पुण्याला पाठवायचं, हे पैसे देण्याआधी विचारा. भाच्यानं ५०६० टीआय घेतलं, सोळा जीबीचं.

रात्री साडेदहाला परत त्याचा फोन. "मामा, काय बी फरक नाय." मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डातच होती. ती काढून कार्डात लावायला सांगितली, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ किती आहे ते वाच म्हटलं. साठ. मॉनिटर १४४ चा, घेऊन आठ महिने झालेले.